तुला नको असलेली जागा

हुसेन, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. कबरीवर तिसऱ्या दिवसाची फुलं झाली, कुराण वाचणारे येऊन गेले, लांबचे पाहुणे आपापल्या गावी परतले. तुझी हलीमा नवऱ्यामागच्या इद्दतीला बसलीय, ती आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. त्यामुळं दारात येणाऱ्या प्रत्येकाशी पडद्याआडून बोलायचं काम माझ्याकडं आलंय. "कसा गेला हो एकाएकी?" असं विचारतात. एकाएकी कुठला? नऊ दिवस तापानं फणफणत होतास. पण ते नऊ दिवस रोज नव्यानं किती जणांना सांगायचे? आता मी "व्हय, एकाएकीच" एवढंच म्हणते. दमलेय रे.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. इतकं चांगलं, की ते कुणाबद्दल बोलतायत ते मला कळेनासं होतं. परवा सोप्यात एकानं उभं राहून लांबलचक बोलून दाखवलं. आजा दरबारात बसला, अब्बा म्युनिसिपालिटीच्या कमिटीत बसले, हुसेनसाहेब त्याच जागेवर बसले, किल्लेदारांच्या रक्तातच ते होतं, वगैरे. मी पडद्याआड ऐकत होते. मला वाटलं, उठावं आणि सांगावं, की बाबांनो, याच्या रक्तात घोडी होती. दुसरं काही नव्हतं.

घरात आपण आपली दख्खनी बोलतो, पण मला लिहिता येतं ते मराठीच, आणि तेही तुझ्यामुळं. मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पण शाळेत तू गेलास, मी चुलीपाशी राहिले. संध्याकाळी पाटी घेऊन तू माझ्याजवळ बसायचास आणि मास्तर जसा ओरडायचा तसाच माझ्यावर ओरडायचास. "बूबू, ढ काढलास का द?" थोरल्या बहिणीला आपल्यात बूबू म्हणतात, तिच्यावर कुणी असं ओरडत नाही. मला त्याचा राग यायचा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ कधी होतेय असंही व्हायचं.

शाळा सुटली की तू पागेत. घोड्यांचं दुखणं बघणारा एक म्हातारा सलोतरी तिथं होता, त्याच्या मागं मागं हिंडायचास. जनावराच्या कानाला नुसता हात लावून त्याला ताप आहे का हे तू सांगायचास. एकदा एका घोडीच्या खुरात काटा मोडला होता आणि ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. चार माणसं दोर घेऊन उभी होती. तू त्यांना लांब केलंस, तिच्या मानेवर डोकं टेकून बराच वेळ उभा राहिलास आणि मग खाली बसून काटा काढलास. हे तू मला सांगितलं नाहीस, पागेतल्या माणसानं येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "ठीक हाय. पण किल्लेदाराचं पोर खुरं साफ करतंय हे गावाला कशाला सांगतोस?"

जनावरांच्या डॉक्टरीचं शिक्षण मुंबईला मिळतं असं तुला कळलं होतं. जायचं ठरलंही होतं. अम्मीनं तुझ्यासाठी रजई शिवायला घेतली होती. त्याच हिवाळ्यात अब्बांचं उजवं अंग गेलं.

पंधरा दिवसांत मोहल्ल्यातले वडीलधारे आले. इब्राहिमचाचा पुढं, हातात फेटा. तेव्हा निवडणूक वगैरे नव्हती. जमातीनं नाव सुचवायचं, दरबारानं नेमायचं. आजाच्या मागं अब्बा, अब्बांच्या मागं तू, यात कुणाला काही विचारायचं असतं असं कुणाला वाटलंच नाही. "जागा रिकामी ठिवली की दुसरं कोन तर बसतंय," चाचा म्हणाले. तू त्यांना "आलो" म्हणालास आणि आत स्वयंपाकघरात माझ्याकडं आलास. मी भाकरी थापत होते. तू विचारलंस, "बूबू, काय करू?"

आणि मी म्हणाले, "जा, बस. घोडी कुठं पळून जात न्हाईत."

तू हसलास. तोंड धुतलंस आणि बाहेर गेलास. तुझ्या डोक्याला फेटा बांधत असतानाचा आवाज मला आत ऐकू येत होता, सगळे मिळून मुबारक मुबारक म्हणत होते. तू तेवीस वर्षांचा होतास.

मी तसं का म्हणाले, ते तुला कधीच सांगितलं नाही. आधीच्या पावसाळ्यात माझा नवरा गेला होता. नृसिंहवाडीच्या पलीकडं कृष्णाकाठच्या त्या गावातून सासरच्यांनी मला एका पेटीनिशी परत पाठवलं होतं. मी या घरात परत आले होते ते घराच्या मानावर. कमिटीच्या सभासदाची मुलगी म्हणून लोक मला बाजूला सरून वाट देत. तू मुंबईला गेला असतास, घराची जागा दुसरीकडं गेली असती, तर एका लुळ्या बापाच्या घरातली विधवा मुलगी म्हणून मी कुठं उभी राहिले असते? हे सगळं भाकरी थापता थापता माझ्या मनात आलं. तू मला विचारत होतास तुझ्याबद्दल, आणि मी उत्तर दिलं माझ्याबद्दल.

तू काम वाईट केलं नाहीस. उलट अब्बांपेक्षा चांगलं केलंस. अब्बा लोकांचं ऐकताना मिशी कुरवाळायचे. तू मान खाली घालून ऐकायचास, घोड्याच्या छातीला कान लावल्यासारखा. आलेल्या माणसाचं बोलून झालं की लगेच उत्तर द्यायचा नाहीस, आणि त्या शांततेत माणूस घाबरून जे खरं होतं ते बोलून टाकायचा. महाराजांनी सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली तेव्हा तू दारोदार फिरून आपल्यातली पोरं गोळा केलीस. त्या कापूस पिंजणाऱ्या बाबूभाईची दोन पोरं तू घातलीस, आणि वर्षानं बाबूभाई तणतणत आला, आठवतं? "साहेब, पोरं परत द्या. दोगंबी धुनकीला हात लावंनात. मला म्हंत्यात, अब्बा, तुमी पयला हात धुवा!" तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मग त्याला जेवायला बसवलंस आणि म्हणालास, "बाबूभाई, धुवा की मग हात." तोही हसला. त्याचा थोरला आता कचेरीत कारकून आहे. तुझ्या मयतीला त्यानं खांदा दिला.

आणि माझं. आपल्या मधल्या खोलीत मोहल्ल्यातल्या पाच मुली बसवून "यांना शिकव" म्हणालास. मी म्हणाले, लोक काय म्हणतील. तू म्हणालास, "म्हणू देत. माझ्याबद्दल म्हणून म्हणून त्यांना कंटाळा आलाय, जरा तुझ्याबद्दल म्हणू देत." गेल्या वर्षी त्या खोलीत सतरा मुली होत्या. मला मास्तरीण म्हणणारा तू पहिला. त्या एका शब्दावर मी किती वर्षं काढली ते तुला ठाऊक नाही.

पण लोक बोलायचेच. आपले म्हणायचे, हुसेन दुसऱ्यांचाच झाला. दुसरे म्हणायचे, हा फक्त आपल्या जातीचं बघतो. तू चार घास खाऊन ताटावरून उठायचास, आणि आठवड्यातून एकदा पहाटे पागेकडं जाऊन यायचास. परत आलास की अंगाला घोड्याचा वास असायचा. तेवढाच एक दिवस तू पोटभर खायचास.

आता हौदाचं सांगते. तुझ्याबद्दल भाषणं करणाऱ्यांनी ते अर्धंच सांगितलं.

मशिदीच्या बाजूचा हौद आजानं बांधलेला. रंकाळ्याकडून नळानं येणारं पाणी त्यात पडायचं. आपण भरायचो, शेजारचे मराठे भरायचे, शिंपी, कोष्टी सगळे भरायचे. महारवाड्यातल्या बायकांनी मात्र खालच्या ओढ्यावर जायचं. आपला दीन-धर्म काही तसं सांगत नाही, पण आपणही शेजाऱ्यांसारखेच झालो होतो, आणि आपल्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. मग महाराजांचा हुकूम निघाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना मोकळे. त्याच सुमारास कमिटीत जातवार जागा ठरल्या आणि पहिल्यांदाच मतं घ्यायचं ठरलं. आपल्या जमातीची जागा आता जमातच निवडणार होती.

तू हुकूम वाचून घरी आलास आणि अब्बांच्या खाटेपाशी बसलास. म्हणालास, "जुम्म्याला हौद उघडतो."

इब्राहिमचाचा तिथंच होते. ते म्हणाले, "उघड की. पन मग मतं कुनाकडं मागतोस? जागा जमातीची हाय पोरा, तुझ्या घरची न्हाय." तीन पिढ्या आपल्या घराला जागा देणाऱ्यांनीच हे म्हणावं, याचं तेव्हाही मला हसू आलं होतं.

अब्बांचं तोंड वाकडं झालं होतं, बोलणं नीट यायचं नाही. तरी एकेक शब्द जुळवून ते बोलले. "आदी जागा. जागा हाय तर... मागनं सगळं करता येतंय."

तू पडद्याकडं बघितलंस. मी तिथं आहे हे तुला ठाऊक असायचंच. आणि मी म्हणाले, "यंदा जाऊ दे, हुसेन. निवडून ये, मग उघड. दोन-तीन महिन्यांनी काय होतंय?"

तू उठलास. जुम्म्याला हौद उघडला नाहीस. उन्हाळ्यात मतं पडली, तू निवडून आलास. दारात हलगी वाजली, मोहल्ल्यात साखर वाटली.

त्याच उन्हाळ्यात ओढा आटत आला आणि महारवाड्यात पटकी शिरली. आपल्याकडं सरपण आणून टाकणाऱ्या काशीची सून आणि त्या सुनेचं दीड वर्षाचं पोर, दोघं एका दिवसात गेली. आणखीही माणसं गेली, पण ही आपल्या ओळखीची. तू सभासद म्हणून औषधवाल्याला घेऊन तिकडं गेलास. परत आलास तो अंगणातच उभा राहिलास. मी पाणी पुढं केलं, तू घेतलं नाहीस.

"काय म्हणाली काशी?" मी विचारलं.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तू म्हणालास. "ती मला बसायला पोतं टाकून म्हणाली, सायेब, हुकूम तर कवाच निघाला म्हनं. वाटंत कुटं आडला?"

एवढं बोलून तू आत गेलास.

पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर तू हौदापाशी जाऊन उभा राहिलास. काशीला निरोप धाडला होतास. ती येईना. तिला वाटलं, मार खायला बोलावलंय. शेवटी तू स्वतः जाऊन तिला घेऊन आलास. आपल्या माडीच्या खिडकीतून मी सगळं बघत होते. ती दोन बायकांना घेऊन लांब उभी, घागर छातीशी धरलेली. नमाजाहून निघालेली माणसं थांबली. रस्त्यापलीकडचे मराठेही गोळा झाले. इब्राहिमचाचा हौदाच्या पायरीवर वाट अडवून उभे राहिले.

"तुझ्या आजाचं नाव हाय ह्या दगडावर!" ते ओरडले.

तू आवाज चढवला नाहीस. "चाचा, तुमचं भरून झालं असंल तर बाजूला व्हा. तिला भरू द्या."

"आनि न्हाई झालो तर?"

"तर मी पण हितंच उभा हाय."

 ऊन डोक्यावर होतं. मग चाचा पायरीवर थुंकले आणि निघून गेले. काशीनं घागर भरली. घाईघाईत तिचं अर्धं पाणी सांडलं. तू ओंजळ पुढं केलीस, तिनं तिच्या घागरीतलं पाणी ओतलं आणि तू प्यालास. हे सगळं गावानं पाहिलं, आणि आता बारा दिवस सगळे तेच सांगतायत. आधीचे महिने कुणी सांगत नाही. तू मात्र सांगायचास. कुणी हौदाबद्दल तुझी तारीफ केली की म्हणायचास, "मी उशीर केला. दोन माणसं त्या उशिरात गेली." नेहमी 'मी' म्हणायचास. अब्बांचं नाव नाही, माझं तर नाहीच. मी प्रत्येक वेळी वाट बघायचे, की आज तरी म्हणेल, बूबूनं मला थांबवलं. तू म्हणाला असतास तर मला भांडता आलं असतं, रडता आलं असतं. तू ती वाटच ठेवली नाहीस.

पुढच्या निवडणुकीत जमातीनं दुसरा माणूस उभा केला आणि तू पडलास. अब्बा त्याआधी गेले होते, त्यांना ते बघावं लागलं नाही. मला वाटलं होतं तू खचशील. तू दुसऱ्या दिवशी सकाळीच पागेत गेलास. ती तीन वर्षं! तू आजारी घोडी बघायला पार जयसिंगपुरापर्यंत जायचास. शाहूपुरीच्या नव्या पेठेतले व्यापारी आपल्या टांग्याची जनावरं घेऊन दारात उभे असायचे. तुझं अंग भरलं, हलीमाशी थट्टा करायला लागलास. एकदा मी तुला गुणगुणताना ऐकलं आणि मला कळेना हा आवाज कुणाचा.

आणि तीन वर्षांनी तेच इब्राहिमचाचा परत दारात आले. त्यांनी बसवलेल्या माणसाला कुठल्या कचेरीत कुणी ओळखत नव्हतं. पोरांना वसतिगृहात जागा मिळेनात. चाचांनी फेटा आणला नव्हता या वेळी, नुसते हात जोडले. तू मान खाली घालून ऐकलंस आणि पुन्हा आत आलास. मी काही बोलायच्या आतच विचारलंस, "बूबू, मला काय हवंय हे तू कधी मला विचारलंस का गं?"

मी निवडत होते ते तांदूळ निवडतच राहिले. म्हणाले, "काम काय कुणी विचारून करतंय व्हय?"

आपलं ते भांडण तिथंच राहिलं. तू बाहेर जाऊन हो म्हणालास. त्यानंतर दीड वर्षात ते पुढं न्यायला कितीतरी दुपारी होत्या. तापातसुद्धा पहिले चार दिवस तू शुद्धीवर होतास, मी कपाळावर घड्या बदलत होते. तोंडाशी आलं होतं. पण तू म्हणालास, "मुलींना आज सुट्टी दिलीस का? देऊ नको," आणि मी उठून त्यांना शिकवायला गेले. परत आले तेव्हा तू बरळत होतास.

आज सकाळी चाचा आले. आता त्यांना दोघांनी धरून आणावं लागतं. चाळिसावाही झालेला नाही, पण ते म्हणाले, "जागा मोकळी ठिवून चालत न्हाई. यूसुफचं नाव देऊया." तुझा यूसुफ कोपऱ्यात उभा होता. एकवीस पुरं झालं त्याला.

मी काय केलं माहीत आहे? मी पडदा सारून बाहेर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर सावरून त्या सगळ्या पुरुषांपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "चाचा, पयलं त्याला इचारा. त्याला काय पायजे ते त्याला इचारा."  मला बरं वाटलं. वाटलं, तुला जे विचारलं नाही ते निदान तुझ्या मुलाला तरी विचारलं.

माझं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. यूसुफ म्हणाला, "बसतो की, चाचा. कवापासनं याचं?"

त्याचे डोळे चमकत होते, हुसेन. त्यानं दाढी नीट करून घेतली होती. चाचांना धरून पायरीपर्यंत पोचवायला गेला, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी त्याला सलाम केला आणि त्यानं तो कसा घेतला ते मी पाहिलं. अगदी अब्बांसारखा. तुला ती जागा नको होती, आणि तू तिथं उभा आडवा झिजलास. त्याला ती हवी आहे. या घरात पहिल्यांदाच कुणालातरी मनापासून विचारलं गेलं, आणि उत्तर हे आलं. मला त्याचीच भीती वाटते. तुला नको होती म्हणून तर तू हौदापायी ती एकदा सोडू शकलास.

पोर वाईट नाही. त्याला हौद ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे तेवढा. ओढा ठाऊक नाही. उद्या सकाळी त्याला मधल्या खोलीत बसवणार आहे, मुली यायच्या आधी. काशीच्या सुनेचं आणि तिच्या पोराचं सांगणार आहे. तुझं नाव मागाहून येईल. आधी त्याला सांगेन, की 'यंदा जाऊ दे' हे पडद्यामागून मी म्हणाले होते, आणि जमातीसाठी म्हणाले नव्हते, तुझ्यासाठीही नाही. रस्त्यात लोक मला बाजूला सरून वाट देतात ती जाऊ नये, म्हणून म्हणाले होते.